मदतीचा हिशेब कोणापुढे?

महापूर, भूकंप वा दुष्काळ कोसळला की समाजातील माणुसकी जागी होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. कोणी धान्य पाठवितो, कोणी कपडे गोळा करतो. आपले कार्यकर्तेही चौकाचौकांत डबे घेऊन उभे राहतात. परंतु पोचलेल्या मदतीचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विचारला गेलाच तर त्याचे उत्तर देणगीदाराला मिळते. ज्याच्या नावाने मदत मागितली गेली त्याला मिळत नाही. मदतकार्याचे अहवाल आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लिहिले जातात. ते कोणापुढे ठेवले जातात, हाच आमच्या मते कळीचा प्रश्न आहे.

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात उसळलेल्या त्सुनामीने सुमारे सव्वादोन लाख माणसांचा बळी घेतला. जगभरातून अब्जावधी डॉलरांचा ओघ सुरू झाला. अनेक सरकारे व मदतसंस्था यांनी एकत्र येऊन या कार्याचे मूल्यमापन केले आणि २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील एक तुलना कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करील. त्सुनामीच्या प्रत्येक आपद्ग्रस्तामागे सरासरी ७,१०० डॉलर उपलब्ध झाले होते. त्याच साली बांगलादेशात आलेल्या पुरात माणशी प्रत्यक्ष खर्च झाला तो अवघा ३ डॉलर. दोन्हीकडच्या गरजांत एवढे अंतर असणे शक्यच नाही. अंतर होते ते प्रसिद्धीत. मदत गरजेच्या मागे न जाता कॅमेऱ्याच्या मागे गेली.

श्रीलंकेच्या किनाऱ्यावर तर संस्थांमध्ये मच्छीमारांना नावा वाटण्याची चढाओढ लागली. काही ठिकाणी बुडाल्या त्याहून अधिक नावा आल्या, त्यांतील कित्येक समुद्रात नेण्याच्या लायकीच्या नव्हत्या, आणि अन्यत्र खरा मच्छीमार नावेची वाट पाहत किनाऱ्यावर बसून राहिला. कागदोपत्री मात्र प्रत्येक नाव ही एक यशोगाथा होती. वाटप मोजणे सोपे असते. वाटपाने कोणाची चूल पेटली हे पाहावयाचे तर पुन्हा त्या गावी जावे लागते. बहुतेक अहवाल पहिल्या कामापाशीच थांबतात.

१२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये याहून बोलके उदाहरण घडले. अमेरिकेतील एका मोठ्या मदतसंस्थेने जवळजवळ ५० कोटी डॉलर जमविले आणि १,३०,००० लोकांना घरे मिळवून दिल्याचे जाहीर केले. २०१५ साली पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा संस्थेने स्वतः बांधलेली कायमची घरे सहाच असल्याचे त्यांना आढळले. संस्थेने हा आक्षेप मान्य केला नाही. परंतु त्या मोठ्या आकड्यात तात्पुरता निवारा मिळालेले, भाड्यापुरते पैसे मिळालेले, इतकेच नव्हे तर घरदुरुस्तीच्या शिबिरात बसलेले लोकही धरलेले होते. येथे आकडा कोणी खोटा लिहिला असे म्हणण्याची गरज नाही. 'घर' या शब्दाचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न आहे. तो त्या उघड्यावर पडलेल्या कुटुंबाने ठरविला असता तर आकडा फार निराळा आला असता.

त्याच हैतीमध्ये, त्याच वर्षी ऑक्टोबरात, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका तळावरील सांडपाण्यातून पटकीची साथ पसरली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. या साथीतील आपला वाटा मान्य करून माफी मागावयास संयुक्त राष्ट्रांना २०१६ साल उजाडावे लागले. साहाय्य करावयास आलेल्यांच्या हातून अपायही होऊ शकतो. पण किती तंबू उभारले याचा रकाना असलेल्या तक्त्यात अपायाचा रकाना नसतो.

जबाबदारीने केलेले मूल्यमापन कसे असते, याचा नमुना १९९६ साली रवांडासंबंधी प्रसिद्ध झालेल्या संयुक्त अहवालाने घालून दिला. १९९४ सालच्या वंशसंहारानंतर लाखो निर्वासित गोमा येथे लोटले आणि छावण्यांत पटकी व हगवणीने हजारोंचा अंत झाला. अहवालाने पाणी, औषधे व छावण्यांची व्यवस्था यांचा हिशेब तर घेतलाच. पण तेथे न थांबता संहार चालू असताना बड्या राष्ट्रांनी काय केले, हेही विचारले. मानवतावादी मदत ही राजकीय कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. कांबळी मोजणाऱ्याने माणसे उघडी का पडली हेही विचारले पाहिजे, ही शिकवण आपल्या चळवळीला परकी वाटण्याचे कारण नाही.

किंबहुना आपल्या भूमीतील परंपरा या बाबतीत पुष्कळ जुनी आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी प्रौढ मजुरामागे एक रत्तल धान्य हा मजुरीचा पाया धरला, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून दुष्काळाची वर्णने प्रसिद्ध केली आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. सार्वजनिक काकांसारखी माणसे या कामामागे होती. पण सर्वांत निर्णायक अहवाल दिला तो दुष्काळी कामांवरील मजुरांनी. कमी केलेल्या मजुरीवर राबण्यास नकार देऊन ते हजारोंनी कामे सोडून गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात सभेच्या प्रतिनिधींनी गावोगाव जाऊन सरकारच्याच दुष्काळ संहितेतील हक्क रयतेला समजावून सांगितले. परिणामी सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. मदत ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे रयतेला कळणे राज्यकर्त्यांना किती बोचते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

हाच धागा पुढे १९९४ साली राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने उचलला. कोट किराना येथे जनसुनावणी भरवून तिने हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचून दाखविला. ज्यांची नावे होती ते समोर बसलेले होते. खोटी नोंद टिकणार कशी? या चळवळीतून २००५ सालचा माहिती अधिकाराचा कायदा घडण्यास मोठे बळ मिळाले, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमाने कामांची सामाजिक तपासणी ग्रामसभेकडे सोपविली. महाराष्ट्रातही ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात हजाराहून अधिक गावांतील महिला मंडळांच्या स्त्रियांना संवाद साहाय्यक म्हणून नेमण्यात आले. तोवर घराच्या बांधकामात जिचे मत कोणी विचारले नव्हते, ती बाई कामाची माहिती घरोघर देऊ लागली आणि अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेऊ लागली. संधी दिली तर आपद्ग्रस्त हाच उत्तम निरीक्षक ठरतो, हे यावरून दिसते.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. हिशेबाचे तक्ते भरण्यातच कार्यकर्त्यांचा वेळ जातो व मूळ काम मागे पडते, असे म्हणतात. तक्ते देणगीदाराच्या समाधानासाठी असतील तर हे अगदी खरे आहे. म्हणूनच आमची मागणी अधिक तक्त्यांची नाही. थोडे, नेमके प्रश्न योग्य माणसाला विचारले जावेत, एवढीच आहे.

हे आज निकडीचे झाले आहे. २०२५ साली अमेरिकेने आपली परराष्ट्र मदतसंस्था मोडीत काढली. मदत वाया जाते, हा त्यासाठी पुढे केलेला युक्तिवाद होता. त्याच वर्षाच्या आरंभी, १९८५ पासून चालत आलेली दुष्काळाची पूर्वसूचना देणारी यंत्रणाही काही महिने बंद पडली होती. म्हणजे मदत आटली आणि तिच्या अभावाने कोण उपाशी राहिले हे पाहणारा डोळाही मिटला. जे स्वतःहून जनतेपुढे हिशेब ठेवीत नाहीत, ते मदतीच्या शत्रूंच्या हाती शस्त्र देतात. आणि जे मदत तोडतात, त्यांचाही हिशेब मागणारे कोणीतरी असावेच लागते.

तेव्हा आरंभ आपल्यापासून व्हावा. डबे फिरवून आपण जमविलेल्या निधीची पावती देणगीदाराला मिळते, पण ज्या गावी निधी गेला तेथे त्याचा हिशेब आपण किती वेळा वाचून दाखविला? यापुढे प्रत्येक मदतकार्यात साथींनी चार गोष्टी कटाक्षाने कराव्यात. काय आले व कोणाला दिले याची यादी चावडीवर लावावी. वाचता न येणाऱ्यांसाठी ती सभेत मोठ्याने वाचावी. यादीत कोणाचे नाव नाही, हे दलित वस्तीत, भूमिहीनांत, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांत स्वतः जाऊन विचारावे; कारण सभेत न येणाऱ्याचीच उपेक्षा बहुधा सर्वांत मोठी असते. आणि वर्ष उलटल्यावर, छायाचित्रकार निघून गेल्यावर, त्याच गावी परत जावे व आपण दिलेल्याने काय साधले, काय बिघडले हे ऐकून घ्यावे.

ऐकलेले नेहमी सुखावह असेलच असे नाही. आपले चुकले, असे गावाने तोंडावर सांगितले तर ते तसेच लिहून काढावे आणि प्रसिद्ध करावे. सरकारला व धनाढ्य संस्थांना जाब विचारण्याचा अधिकार त्यातूनच आपल्याला प्राप्त होईल.