जुन्या व्रणाआडचा कर्करोग

जयपूर-टोंक भागात उन्हाळा कूलरशिवाय निभत नाही. जयपूरच्या डॉ. शीतू सिंह आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये देशभरातल्या १०८४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सर्वांना इंटरस्टिशियल लंग डिसीज होता: वायुकोशांभोवतीचं नाजूक ऊतक सुजतं, मग व्रण धरून घट्ट होतं. जवळपास निम्म्यांना तो श्वासावाटे गेलेल्या कणांच्या, बुरशीच्या ॲलर्जीतून जडला होता. या बुरशीसाठी संशय ओल्या कूलरवरही गेला. आपल्याकडे अशा कित्येकांना क्षय समजून आधी त्याचीच औषधं मिळतात, याचं फार वाईट वाटतं.

व्रण पडलेल्या फुप्फुसात कर्करोगाचा धोका वाढतो. हा कर्करोग लपतोही सहज, कारण दम आणि खोकला जुनाच असतो. उपचार निदानाहून अवघड: शस्त्रक्रिया, रेडिएशन, काही औषधं यांनीच मूळ आजार अचानक भडकू शकतो. म्हणून छातीविकारतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसूनच निर्णय घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. वजन उतरलं, थुंकीत रक्त दिसलं तर थांबू नका. जुन्या सीटी स्कॅनच्या फिल्म जपून ठेवा, नव्याशी ताडून पाहायला त्याच लागतात.