पाण्यातली म्हैस

‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. मला तिचा खरा अर्थ कळला तो गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. गावच्या पतसंस्थेत मी लिखापढीच्या मदतीला जात होतो. संस्थेचे हिशेब ठेवण्यासाठी नवी डेटाबेस प्रणाली घ्यायची होती. विक्रेता आला, ‘सर्वांत वेगवान’ म्हणाला, आणि संचालकांनी माना डोलावल्या. कोणाच्या तुलनेत, कोणत्या कामात, हे कोणीच विचारले नाही. मीही नाही, आणि त्याचीच खंत वाटते.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा प्रश्न यंत्राचा कमी व व्यवहाराचा अधिक आहे.

तुलनेची रीत नाही असे नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या ‘टीपीसी’ या मंडळाने १९९२ साली ‘टीपीसी-सी’ ही कसोटी आणली. घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामाचा कारभार कल्पून, प्रणाली मिनिटाला किती नव्या मागण्या नोंदवते ते तीत मोजतात. यंत्रे, प्रणाली व तीन वर्षांची देखभाल यांच्या एकूण खर्चाला मग त्या आकड्याने भागतात. म्हणजे दूध किती आणि लिटरमागे खर्च किती, दोन्ही कळते. मात्र ही कसोटी अवाढव्य यंत्रांवर होते. पतसंस्थेला न लागणारा वेग विकत घेणे हा शुद्ध अपव्यय होय.

किमतीचेही तसेच. ओरॅकलच्या छापील दरपत्रकात वार्षिक साहाय्याचा आकार परवान्याच्या किमतीच्या २२ टक्के असतो. पाच वर्षांत तो ११० टक्के होतो, म्हणजे मूळ किमतीहून जास्त! उलट पोस्टग्रेस फुकट मिळते, पण ते सांभाळणाऱ्या जाणकाराचा पगार फुकट नसतो. दोन्हीकडचा पूर्ण हिशेब मांडल्यावाचून स्वस्त कोण, हे ठरत नाही.

सर्वांत खटकणारी गोष्ट निराळीच आहे. १९८३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेव्हिड डेविट व सहकाऱ्यांनी अनेक प्रणालींची चाचणी घेऊन आकडे प्रसिद्ध केले. ओरॅकलची कामगिरी त्यात फिकी ठरली. पुढे आमच्या परवानगीवाचून चाचणीचे निकाल छापू नयेत, असे कलम कंपनीने करारात घातले. इतरांनीही कित्ता गिरवला. ते ‘डेविट कलम’ म्हणूनच ओळखले जाते. म्हैस विकत घ्या, धारही काढा, पण दूध किती निघाले ते शेजाऱ्याला सांगू नका! हा प्रश्न तरी आम्हा कला शाखेवाल्यांचा आहे की नाही?

म्हणून मला वाटते, सौद्याआधी आपल्याच वर्षभराच्या नोंदी, मार्चअखेरच्या गर्दीसह, प्रणालीवर चालवून पाहाव्यात. पाच वर्षांचा खर्च कागदावर मागावा. आणि करारातले बारीक अक्षर मोठ्याने वाचावे. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा म्हैस आधी पाण्याबाहेर यायलाच हवी.