पालक कोणाच्या वाट्याला?

देहूरोडच्या आमच्या वस्तीतल्या बालवर्गात मुलांनी पॉपायचं नाटक बसवायला घेतलं. पालक खाऊन दंड फुगवणारा पॉपाय व्हायला सातजण पुढे आले. ऑलिव्ह व्हायला एकही मुलगी तयार होईना. कारण विचारलं तर नऊ वर्षांची एकजण म्हणाली, "ताई, तिला नुसतं 'वाचवा, वाचवा' ओरडायचंय. तिला दुसरं कामच काय?"

मैत्रिणींनो, काम होतं. ऑलिव्ह ऑइल पॉपायपेक्षा नऊ वर्षांनी जुनी. एल्झी सेगर या चित्रकाराची 'थिंबल थिएटर' ही चित्रमालिका डिसेंबर १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात सुरू झाली, तेव्हापासून ती मुख्य पात्रांतली एक. १९२० मध्ये तिचा भाऊ कॅस्टर आला आणि हळूहळू तोच पुढे सरकला. जानेवारी १९२९ मध्ये पॉपाय आला तो जहाजावर कामाला ठेवलेला खलाशी म्हणून. सफर संपल्यावर सेगरने त्याला निरोपही दिला होता. वाचकांनी मागणी केली, तो परतला, आणि पुढे चित्रमालिकेच्या नावातच जाऊन बसला. ऑलिव्ह उरली 'त्याची' मैत्रीण म्हणून.

पडद्यावरही तेच. १९३३ मध्ये पॉपायचा पहिला चित्रपट निघाला तो बेटी बूप या गाजलेल्या नायिकेच्या मालिकेत. त्यात बेटी थोडा वेळ नाचते. नायक तो. पुढच्या बहुतेक चित्रपटांत ब्लूटोने ऑलिव्हला पळवायचं आणि पॉपायने सोडवायचं.

'लोकांनाच हे आवडतं' हे यावरचं ठरलेलं उत्तर. लोकांना पॉपाय आवडला हे खरं. पण तो मोठा होताना तिला लहान का व्हावं लागलं? दोघांना पुरेल एवढी जागा त्या कागदावर नव्हती का? आवड आकाशातून पडत नाही. जे रोज समोर ठेवलं जातं त्याचीच सवय लागते.

१९३६ च्या एका चित्रपटात ऑलिव्हलाही पालक मिळतो. तिच्या अंगात ताकद येते, आणि ती ताकद वापरली जाते पॉपायशी लाडीगोडी करणाऱ्या दुसऱ्या बाईला बदडण्यासाठी! बाईला बळ द्यायचं तर बाईविरुद्धच, ही पितृसत्तेची जुनी युक्ती.

हे अमेरिकेतलं म्हणून सोडून देऊ नका. आमच्याच भागातल्या एका बचत गटाची गोष्ट. दहाजणींनी महिन्याला पन्नास-पन्नास रुपये टाकून गट उभा केला. ज्या बाईने दारोदार फिरून बायका जमवल्या, तिनेच कर्ज काढून पापड-मसाल्याचं दुकान टाकलं. दुकान चालू लागलं तसा गल्ल्यावर नवरा बसला, बँकेत मुलगा जाऊ लागला. वर्धापनदिनाच्या फलकावर दोघांचे मोठे फोटो होते. ती आत पाहुण्यांचा चहा करत होती. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांना बोलता येतं ना, ताई." दहा घरांच्या उंबऱ्यावर उभं राहून बायकांना पटवलं, ते काय मुक्याने?

आम्ही नाटक बदललं. ऑलिव्ह स्वतःच डबा फोडते, पालक खाते आणि पॉपायबरोबर जहाज हाकते. आता तिच्या भूमिकेसाठी चौघींचं भांडण लागलंय. मुलींना ऑलिव्ह नकोशी नव्हती, तिच्या वाट्याला ठेवलेलं रडणं नकोसं होतं. आपल्या गटाचे हिशेब, सह्या आणि माईक कोणाच्या हातात आहे, हे पुढच्या बैठकीत प्रत्येकीने तपासावं.