एका कॉलरबोनवर नवी मानवजात?

कॉलरबोन बघून माणसाची उंची सांगा, असं मला कुणी म्हटलं असतं तर मी फिल्म तशीच परत दिली असती. जळगावात एक्स-रे टेक्निशियन म्हणून माझी सगळी नोकरी गेली. मोटरसायकल घसरली, माणूस खांद्यावर पडला, की हे हाड मोडायचंच. त्यामुळे या फिल्म मी ढीगभर काढल्या. आडव्या अंगाच्या पहिलवानाचं हाड आखूड आणि हडकुळ्या पोराचं लांब, हे आम्हाला नवं नव्हतं. त्यात हे हाड दोन ठिकाणी वळलेलं. पेशंट जरा तिरपा उभा राहिला की फिल्मवर ते आखूड उमटतं. वयाच्या अंदाजाला मात्र ते कामाचं, कारण त्याचं छातीकडचं टोक जुळायला पंचविशी उजाडते. उंची काढायची असेल तर मांडीचं हाड आणा.

म्हणूनच नर्मदेच्या ‘बुटक्या माणसा’चा विषय निघाला की मी सावध होतो. प्रकरण आपल्यापासून फार लांबचं नाही. भुसावळहून इटारसीमार्गे भोपाळला जाताना नर्मदापुरम, म्हणजे जुनं होशंगाबाद सोडलं की गाडी नर्मदेच्या पुलावर येते. तिथून नदीच्या वरच्या अंगाला, उत्तर काठावर, सीहोर जिल्ह्यात हथनोरा नावाचं गाव आहे. 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनाकिया यांना तिथल्या गोट्यांच्या थरात एका कवटीचा वरचा भाग सापडला. उजवी बाजू बरीचशी शाबूत. चेहरा, जबडा, दात काहीच नाही. सोनाकियांनी तिला होमो इरेक्टसची नर्मदेकाठची उपजात ठरवलं. पुढे 1991 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे केनेथ केनेडी आणि सहकाऱ्यांनी सगळी मापं पुन्हा घेतली आणि हा इरेक्टस नाही, आपल्याच जातीचा जुना नमुना आहे, असं लिहिलं. त्या निबंधाच्या लेखकांत स्वतः सोनाकियाही आहेत. आपण दिलेलं नाव मोडणाऱ्या निबंधावर आपलीच सही, हे मला फार आवडलं. आमच्या खात्यात एकदा गेलेला रिपोर्ट बदलायचा म्हणजे केवढं संकट असायचं!

त्यानंतर आले भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाचे अनेक राम संख्यान. त्यांना हथनोऱ्यालाच एक आखूड कॉलरबोन मिळाली. 1997 मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली; नंतर दुसऱ्या बाजूची कॉलरबोन आणि बरगडीचा तुकडाही हाती आला. त्यांचं म्हणणं असं की नर्मदेकाठी दोन प्रकारची माणसं होती. एक जाड कवटीचा, दांडगा. दुसरा बुटका, आखूड आणि भरल्या अंगाचा, ज्याचं नातं अंदमानच्या बुटक्या लोकांपर्यंत पोचत असावं. वेगळ्या मानवजातीची चर्चा इथून सुरू होते, आणि माझी हरकतही इथूनच.

माणूस बुटका होता, हे मी मान्य करीन. एवढं आखूड हाड धिप्पाड माणसाचं म्हणणं अवघडच. पण बुटका असणं आणि निराळ्या जातीचा असणं यांत फार अंतर आहे. अंदमानचे ओंगे उंचीने लहान आहेत; त्यांना आपल्याहून निराळी मानवजात म्हणणाऱ्याला आज कुणी दारात उभं करणार नाही. मग दोन कॉलरबोन आणि बरगडीच्या तुकड्यावर दीड-दोन लाख वर्षांपूर्वीच्या माणसाला निराळं कसं काढायचं? त्या थराचं वयही अजून पक्कं नाही. कुणी दीड लाख म्हणतं, कुणी त्याच्या दुपटीतिपटीच्या मागे जातं.

यावर कुणी इंडोनेशियाचं उदाहरण देईल, आणि ते दिलंच पाहिजे. फ्लोरेस बेटावरच्या लिआंग बुआ गुहेत 2003 मध्ये जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या बाईचा सांगाडा निघाला. मेंदू चारशे घनसेंटिमीटरच्या आसपास, आपल्या एक तृतीयांशाहूनही कमी. पुढच्या वर्षी माइक मॉरवूड, पीटर ब्राउन आणि सहकाऱ्यांनी तिला होमो फ्लोरेसिएन्सिस हे नाव दिलं. लगेच भांडण पेटलं. इंडोनेशियाचे ज्येष्ठ मानवशास्त्रज्ञ तेउकू जेकब म्हणाले, ही आपल्यासारखीच माणूस, फक्त डोकं लहान राहण्याचा आजार झालेली. गुहेजवळच्या रामपासासा गावात आजही ठेंगणी माणसं राहतात, त्यांच्याकडे त्यांनी बोट दाखवलं. शंका रास्त होती. एकाच सांगाड्यावर नाव ठेवलं तर ती आलीच पाहिजे.

ती शंका हळूहळू मागे पडली ती मनगटामुळे, आणि इथे मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटतो. मनगटात आठ बारकी हाडं असतात. फिल्मवर ती एकमेकांवर चढलेली दिसतात आणि नवा टेक्निशियन त्यांना वैतागतो. त्यातल्या ट्रॅपेझॉइड नावाच्या हाडाचा आकार आपल्यात एक, वानरांत दुसरा. 2007 मध्ये मॅथ्यू टोचेरी यांनी दाखवलं की फ्लोरेसच्या बाईचं हे हाड वानरांच्या वळणाचं आहे. डोक्याचा आजार मनगटाचं हाड असं घडवत नाही. पाऊलही मांडीच्या मानाने भलतंच लांब निघालं. मग त्याच बेटावरच्या माता मेंगे इथे सुमारे सात लाख वर्षांपूर्वीचे जबडा आणि दात मिळाले, तेही तेवढेच लहान किंवा आणखी लहान. आजार लाखो वर्षं पिढ्यानपिढ्या टिकत नाही. 2018 मध्ये रामपासासाच्या लोकांचे जनुकही तपासले गेले. त्यात या जुन्या जातीचा मागमूस नव्हता.

उलट गत पलाऊ बेटांची. तिथल्या गुहांतली लहान हाडं 2008 मध्ये ली बर्गर यांनी मोठ्या गाजावाजाने मांडली. त्याच वर्षी स्कॉट फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच दुसऱ्या दफनभूमीतल्या सांगाड्यांवरून सांगितलं की ही माणसं साध्या मापाची होती. विषय मिटला.

फ्लोरेसच्या बाजूने मनगट, पाऊल, दात आणि एकाहून अधिक माणसं उभी राहिली. हथनोऱ्याच्या बुटक्याच्या बाजूने, जो तुकडा निराळी जात ठरवू शकेल, असा एकही अजून नाही. त्याची कवटी नाही, दात नाही. असा तुकडा मिळेपर्यंत ‘भारताची स्वतःची मानवजात’ असले मथळे छापू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुकडा मिळायचा तर नदीकाठच राखायला हवेत. जुन्या माणसाच्या खुणा आपल्याकडेही आहेत. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एस. ए. साळींनी उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे रेघा कोरलेले तुकडे निघाले. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. खानदेशात शहामृग! जळगावच्या पिंप्राळ्यात आषाढीच्या रथाला जमलेल्या माणसांत हे किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेला नर्मदा चोपन्न किलोमीटर आपली हद्द आहे, पण तिचा काठ सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेला. राहिल्या तापी आणि गिरणा. त्यांच्या पात्रांत वाळूचे डंपर रात्रंदिवस चालतात. वाळू काढताना जुनी हाडं वर आली तर ती कुठे द्यायची, हे त्या पोरांना सांगणारं कुणी नाही.

विद्यापीठाने, किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजाने, यासाठी एक कपाट आणि एक नोंदवही ठेवावी. हाड सापडेल त्याने ते धुऊ नये, घासू नये. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढावा, नदीचा कोणता काठ, किती खोल, माती कोणत्या रंगाची, हे त्याच दिवशी लिहावं आणि मगच हाड उचलावं.