श्रेयांकाची पत

बँकेत असताना न वटलेले चेक परत पाठवण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. चेकसोबत कारणाची चिठ्ठी जोडावीच लागे: शिल्लक अपुरी, सही जुळत नाही, तारीख उलटून गेली. नुसते ‘चालणार नाही’ म्हणून कुणाची बोळवण करता येत नसे.

हे आठवायचे कारण आमच्या शेजारची मुलगी. बी.एस्सी.ची दोन वर्षे झाल्यावर लग्न होऊन ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली. तिथल्या कॉलेजात सांगण्यात आले, ‘आमचा अभ्यासक्रम वेगळा आहे. पुन्हा पहिल्या वर्षाला बसा.’ वेगळे नेमके काय, हे कुणी सांगितले नाही. तिने शिक्षण सोडले.

खरे तर अशांसाठीच विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची नियमावली आणली. साधारण 15 आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्गातले शिक्षण म्हणजे एक श्रेयांक. तो विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि जास्तीत जास्त सात वर्षे टिकतो. पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे श्रेयांक मिळवले, तर उरलेले बाहेरचे चालू शकतात. योजना चांगलीच आहे. पण खाते उघडल्याने पत निर्माण होत नाही. एका बँकेचा ड्राफ्ट दुसरी बँक घेते, ती विश्वासावर.

हा विश्वास यावा म्हणून 1994 मध्ये ‘नॅक’ स्थापन झाली. तिची श्रेणी ही कॉलेजची पत. मात्र 2025 च्या फेब्रुवारीत तिच्या तपासणी समितीतील सदस्यांनाच लाचेच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली. खरेखोटे न्यायालयात ठरेल. पण अशा बातमीनंतर प्रामाणिक कॉलेजच्या श्रेणीकडेही लोक संशयाने पाहतात. शिवाय श्रेणी संस्थेची असते. एखाद्या मुलीला काय येते, हे ती सांगत नाही.

कॉलेजांचीही बाजू आहे. प्रात्यक्षिके न केलेल्या मुलाला थेट तिसऱ्या वर्षात घ्या, असे कुणी म्हणणार नाही. पण मग कोणता भाग राहिला ते लेखी द्या, ठरलेल्या मुदतीत द्या, आणि तेवढ्याच भागाची परीक्षा घ्या. नकार देणाऱ्यावर कारण देण्याचे बंधन हवे.

परत आलेला चेक दुरुस्त करून पुन्हा भरता येतो. आयुष्याची दोन वर्षे कारणाशिवाय परत आली, तर त्या मुलीने ती कुठे भरायची?