दोष पट्ट्याचा की पाहणीचा?

टायमिंग पट्टा बदलण्यासाठी मोटार गॅरेजात जाते ती धडधाकट आणि परत येते ती अडखळत. मालक तक्रार करतो, तेव्हा उत्तर मिळते, ‘प्लग बदलून पाहू, नाहीतर पंप बदलू.’ या ‘बदलून पाहू’तच अनर्थाचे मूळ आहे.

वस्तुतः काल सुरळीत असलेले इंजिन आज बिघडले असेल, तर मध्यंतरी जेथे हात लागला तेथेच प्रथम पाहावयास हवे. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा, हे प्रमाण राखणे हे पट्ट्याचे काम. कॅमच्या चाकाला ४० दाते असतील, तर एका दात्याची चूक म्हणजे कॅमशी ९ आणि क्रँकशी १८ अंशांची चूक. मग इंजिन सुरू होताना कुरकुरते, चढावर दम सोडते. यात प्लगचा अपराध कोणता?

ॲम्बॅसडर व पद्मिनीच्या जुन्या इंजिनांतील साखळी सैल झाली की खडखडून इशारा देई. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने रबरी पट्टा मध्यमवर्गाच्या दारी आणला. पट्टा मुकाट्याने झिजतो. आणि अनेक इंजिनांत तो तुटला किंवा फार चुकीचा बसला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकतात.

म्हणूनच नवा पट्टा बसविल्यावर, चावी फिरविण्यापूर्वी, क्रँकशाफ्ट पान्याने हळूहळू दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का हे पाहावे. मध्येच अडल्यास जोर करू नये. त्यानंतर पट्ट्याचा ताण आणि काम करताना सुटलेल्या तारा तपासाव्यात. तरीही दोष राहिला, तर सिलिंडरांचा दाब मोजावा. सर्वांचा सारखाच कमी असेल तर संशय टायमिंगवर. एकाचाच कमी असेल तर वाकलेल्या व्हॉल्व्हचीही शंका घ्यावी. नवे सुटे भाग घ्यायचे ते यानंतर.

तथापि सारा दोष मिस्त्रीच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. सुट्या भागाचे पैसे आपण निमूटपणे देतो. पाहणीचे मागितले की मात्र घासाघीस करतो. वैद्याच्या तपासणीचे मोल मान्य करणाऱ्यांनी मिस्त्रीच्या तपासणीचेही केले पाहिजे. त्याच्या मोबदल्यात, खुणा जुळल्याची आणि मोजलेल्या दाबाची नोंद बिलावर लेखी मागण्याचा हक्क मालकाने बजावावा. पाहणीला मोल आले, तरच ‘बदलून पाहू’चा हा धंदा थांबेल.