फॉरमॅट एक, अर्थ दोन!

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी मोठ्या हौसेने हॉस्टेलची रक्तगट-यादी करायला घेतली. एक यादी रेक्टर सरांकडची, दुसरी ऑफिसातली. दोन्ही एक्सेलमध्ये. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम!

एका यादीत 'ओ निगेटिव्ह' एकाच रकान्यात होतं. दुसरीत 'ओ' एका रकान्यात आणि 'निगेटिव्ह' शेजारच्या आरएचच्या रकान्यात. आम्ही पहिला रकाना उचलला आणि पुढे काही नाही तिथे पॉझिटिव्ह धरून मोकळे झालो. कुठेही एरर नाही! यादी बोर्डावर लागल्यावर एक जण ओरडला, "अरे, मी निगेटिव्ह आहे!" हॉस्पिटलात रक्त तपासूनच चढवतात हे खरं. पण रात्री दोन वाजता ओ निगेटिव्ह दाता शोधायची वेळ आली असती, तर आमच्या यादीत तो सापडलाच नसता.

आपण सीएसव्ही, एक्सएमएल की जेसॉन यावर तासन्‌तास भांडतो. अहो, ते नुसते डबे! डबा स्टीलचा की प्लॅस्टिकचा यापेक्षा आत आमटी आहे की ताक, हे आधी ठरायला नको का?

आपल्या वसईतलंच बघा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, तोंडी बोलणं मात्र गुंठ्यात. गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर, आर म्हणजे १००. फरक इतका बारीक की आकडा बघून शंकाही येत नाही. पण ४० गुंठे कोणी ४० आर म्हणून भरले, तर जवळजवळ ५०० चौरस फूट गायब. म्हणजे नालासोपाऱ्यातली एक छोटी खोलीच गेली की!

उलट रेल्वेचं उदाहरण घ्या. वसईला कोणी बसीन म्हणो, कोणी आणखी काही. वसई रोडचा स्टेशन कोड बीएसआर तो बीएसआरच. बोर्डावरचं नाव बदललं तरी तिकिटाचं अडत नाही.

काही जण म्हणतील, सगळ्यांना एकाच साच्यात कशाला कोंबायचं? मेसला शाकाहारी-मांसाहारी हवं, लायब्ररीला पुस्तकं. मुद्दा बरोबर आहे. सगळं जग मावेल असं मॉडेल करायला बसलो तर डिग्री संपेल, मॉडेल नाही! म्हणून जेवढं दोघांत वाटून वापरायचं, तेवढ्यापुरतंच ठरवा: एक नोंद म्हणजे काय, तिची ओळख कशाने, एकक कोणतं आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ काय. बाकी ज्याचं त्याने बघावं.

आमची नवी यादी रोल नंबरवर बेतली आहे. रिकामा रकाना म्हणजे 'माहीत नाही', पॉझिटिव्ह नव्हे. बोर्डाजवळून जाताना आपापली नोंद तेवढी तपासा. कोण जाणे, उद्या तुमचीच गरज लागेल!